हार घालण्याआधी ब्रेक तपासा

डिसेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांमधून दोन प्रवासांची बोलणी सुरू होतात. पहिला ६ डिसेंबरचा, दादरच्या चैत्यभूमीचा. दुसरा १ जानेवारीचा, भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाचा. पहिल्या प्रवासाला चंदनसार, मनवेलपाडा, नालासोपारा इकडची माणसे विरारची लोकल धरतात आणि तेच शहाणपणाचे आहे. त्या दिवशी दादरला गाडी नेऊन ना गाडीला जागा मिळते, ना माणसाला स्वस्थता. दुसऱ्या प्रवासाची गोष्ट मात्र वेगळी. चंदनसारहून निघून महामार्गाला लागायचे, घोडबंदर किंवा चिंचोटी-भिवंडीकडून पुढे सरकायचे, कळंबोली, बोरघाट, पुणे आणि मग नगर रस्त्याने पेरणे गाव. सुमारे दोनशे किलोमीटरची ही वाट. तीही ऐन थंडीत, आणि बहुतेक जण निघतात ते रात्री.

एके काळी आपली माणसे हा प्रवास एस.टी.ने, नाहीतर वर्गणी काढून ठरवलेल्या ट्रकने करीत. आता चित्र बदलले आहे. कर्जाचे हप्ते भरून का होईना, पण कुणाच्या दारात इको उभी आहे, कुणाकडे अर्टिगा, कुणाकडे जुनी घेतलेली व्हॅन. ज्या घरातल्या आजोबांना बैलगाडीतही मानाने बसू दिले जात नव्हते, त्या घरातला नातू स्वतःची गाडी घेऊन मानवंदनेला जातो, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. ३१ डिसेंबरला गाडी धुतली जाते, निळा झेंडा बांधला जातो, पुढे हार चढतो, काचेवर नाव लिहिले जाते. एवढे सगळे होते. पण बॉनेट उघडून आत पाहणारा घरटी एक तरी असतो का? हा लेख त्यासाठी आहे.

विरारला कुठली थंडी?

हा प्रश्न कुणीही विचारील. खरेच आहे. आपल्याकडे खाडी जवळ, समुद्र जवळ. डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. बर्फाचे देश वेगळे. तिथे थंडीसाठी वेगळे टायर बसवतात. आपल्याला त्याची गरज नाही. पण म्हणूनच आपण फसतो. विरारहून निघालेली गाडी चार-पाच तासांत घाट चढून पठारावर जाते. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते आणि कडाक्याच्या रात्री ते १० च्याही खाली जाते. नदीकाठी, उघड्या माळावर गारठा आणखी बोचतो. पहाटे धुके उतरते. म्हणजे गाडी एका हवामानात तयार होते आणि दुसऱ्या हवामानात चालते.

दुसरी गोष्ट, थंडी गाडी बिघडवते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. गाडी बिघडलेली असते आधीच. थंडी फक्त ते उघड करते. आपल्या वसई-विरारचा पावसाळा आठवा. जुलै २०१८ मध्ये तर रेल्वेही पाण्यात अडकल्या होत्या. दरवर्षी कुठे ना कुठे गुडघाभर पाणी साचते आणि त्यातून गाडी न्यावीच लागते. ते पाणी ब्रेकमध्ये जाते, वायरिंगच्या जोडांत जाते, खालच्या पत्र्याला गंज चढवते. त्यावर खारी हवा. पुढे ऑक्टोबरचे ऊन बॅटरीला आणि वायपरच्या रबराला वाळवून काढते. एवढे सगळे सोसून गाडी डिसेंबरात गल्लीतल्या गल्लीत ठीक चालते, म्हणून आपल्याला वाटते की सगळे बरे आहे. आठ माणसे आणि सामान घेऊन ती घाटाला लागली की मग खरी परीक्षा होते.

चाळीसगावचा टांगा

गाडीच्या तयारीची गोष्ट चालू असताना बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक अपघात आठवणे गरजेचे आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आठवणींत त्यांनी स्वतः तो सांगितला आहे. साल १९२९. सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना लोकांच्या आग्रहामुळे ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यापर्यंत त्यांना टांग्याने न्यायचे ठरले होते. पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. एक जण टांगा भाड्याने द्यायला कबूल झाला, पण हाकणार नाही म्हणाला. शेवटी आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या पुलाला कठडा नव्हता, फक्त ओळीने बसवलेले दगड होते. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

या प्रसंगाचे मूळ पाप जातीचे आहे, त्यात शंका नाही. टांगेवाल्यांनी नकार दिला नसता तर काहीच घडले नसते. पण बाबासाहेबांनी त्याबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत चालत यावे हे त्या माणसांना पाहुण्याच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नाही. प्रतिष्ठा जपण्याच्या भरात, पाहुण्याचा जीव तिच्याहून मोठा आहे, हे त्यांच्या लक्षातून निसटले. बाबासाहेबांनी त्यांच्यावर राग धरलेला दिसत नाही. त्यांचे प्रेम त्यांना कळत होते. पण चूक कुठे झाली हे मात्र त्यांनी स्वच्छ सांगितले.

आज लगामाच्या जागी स्टिअरिंग आले आहे. टांगा देण्यास कुणी नकार देत नाही. पण प्रतिष्ठेपायी जीव पणाला लावण्याची ती जुनी सवय अजून सुटलेली नाही. नवीनच लायसन्स मिळालेल्या पोराला ‘तूच ने रे बाबा, आपली गाडी आहे’ म्हणून रात्री घाटात पाठवणे, ‘नाही कसे म्हणायचे’ म्हणून सातच्या गाडीत अकरा माणसे घेणे, कामावरून नुकत्याच आलेल्या भावाला झोपेतच स्टिअरिंगवर बसवणे, या सगळ्यांत तीच चूक आहे. गाडीचा मान हाराने वाढत नाही. ती सगळ्यांना घेऊन सुखरूप परत आली की वाढतो.

पंधरा दिवस आधी

तयारी ३१ तारखेच्या दुपारी करायची नसते. त्या दिवशी गॅरेजवाल्याकडे रांग असते आणि तोही घाईत असतो. डिसेंबरच्या मध्यावर एखादा रविवार धरा.

टायर पहिले. टायरच्या नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असे समजावे. मोटारीसाठी नियमाने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘१४१८’ असेल तर तो टायर २०१८ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. नक्षी दिसत असली तरी बाजूला चिरा पडलेला जुना टायर एक्स्प्रेसवेवर नेऊ नये. स्टेपनीही खाली काढून पाहा. पुष्कळदा ती दोन वर्षे जागची हललेली नसते आणि गरज पडते तेव्हा तिच्यात हवाच नसते. जॅक आणि पाना गाडीत आहेत का, आणि चाकाचे नट त्या पान्याने खरोखर सुटतात का, हे दारात करून बघावे. घाटात अंधारात शिकायची ती गोष्ट नव्हे.

ब्रेक. पेडल दाबल्यावर ते स्पंजासारखे मऊ लागत असेल, खूप खाली जात असेल, किंवा करकर आवाज येत असेल तर मेकॅनिकला चाके उघडून पॅड आणि लायनर बघायला सांगा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. असे जुने ऑइल घाटात ब्रेक तापले की आतल्या आत उकळते, त्याची वाफ होते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. दोन वर्षांत बदललेले नसेल तर बदलून घ्या. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का तेही पाहा.

बॅटरी. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी इंजिनाचे ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. इकडे दुपारी एका झटक्यात सुरू होणारी गाडी तिकडे पहाटे नुसती घरघरते, ती यामुळे. तीन-चार वर्षे झालेली बॅटरी दुकानात तपासून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर साफ करून घट्ट बसवा. एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो. मिरवणुकीसाठी मोठे स्पीकर आणि झगमगते दिवे लावताना पोरे वायर कापून कशीही जोडतात. त्याने बॅटरी उतरते आणि आगही लागू शकते. असे जोडकाम नकोच.

कूलंट. थंडी आहे म्हणून इंजिन तापणार नाही असे नाही. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा ती तापतेच. आपल्याकडे नळाचे पाणी कमी आणि टँकरचे-बोअरिंगचे पाणी जास्त. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय अनेकांना आहे. त्याने आत क्षार धरतो आणि पाण्याची वाट बुजत जाते. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका; वाफेने तोंड आणि हात भाजतात.

सी.एन.जी.ची गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट झाली आहे का ते पाहा. दर तीन वर्षांनी ती करावी लागते. तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते. वासाची थोडीही शंका असली तर गाडी बाहेर काढू नका. टाकीत थोडे पेट्रोलही ठेवा. थंड गाडी सुरू व्हायला त्याची गरज असते, आणि ३१ तारखेच्या रात्री पंपावरची गॅसची रांग किती लांब असेल ते सांगता येत नाही.

कागदपत्रे. लायसन्स, आर.सी., विमा आणि पी.यू.सी. या चार गोष्टींच्या तारखा घरातल्या लिहिता-वाचता येणाऱ्या मुला-मुलीला पाहायला लावा. एम.एच. ४८ च्या कामासाठी चंदनसारला खेटे घातलेल्यांना मुदत संपल्याचा मनस्ताप माहीत आहे. गाडी भाड्याची असेल तर तिची नंबर प्लेट पिवळी आहे का ते बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे घेऊन चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मालाच्या टेम्पोत माणसे भरून नेणे तर बेकायदा आहेच. त्यात ना पट्टा, ना आसन. टेम्पो उलटला की माणसे बाहेर फेकली जातात. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून बायका-मुलांना त्यात चढवू नका.

हवा, काच आणि दिवे

निघण्याच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी. तिन्ही जवळजवळ फुकटच्या.

हवा सकाळी, टायर गार असताना भरावी. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तिथे दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी एक. आपल्याला दुसरा लागणार. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पौंडाने उतरतो. विरारला ३० अंशांत दुपारी भरलेली हवा पुण्याकडे पहाटे १० अंशांत तीन-चार पौंडांनी कमी भरते. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, वाकल्याने आतून तापतो आणि वेगात फुटतो. म्हणून १ तारखेला परत निघण्याआधी जवळच्या पंपावर हवा पुन्हा एकदा मोजून घ्या. नायट्रोजन असो की साधी हवा, मोजणे महत्त्वाचे.

काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी. आठ माणसे श्वास सोडतात, बाहेरून काच गार असते, आणि श्वासातली वाफ काचेवर दव होऊन बसते. समोरचे दिसेनासे होते. हाताने किंवा ओढणीने पुसले की तेलकट डाग राहतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यावर पसरतो. आधी स्वच्छ पाणी आणि जुन्या वर्तमानपत्राने काच चकचकीत करून ठेवा. प्रवासात दव धरले तर वारा काचेवर सोडून ए.सी. सुरू करा, सोबत हवे तर हीटर ठेवा. ए.सी. हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडीतही तो उपयोगी आहे. ए.सी. नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली ठेवा. थोडी थंडी वाजेल, पण रस्ता दिसेल. वायपरचे रबर कडक झाले असेल तर बदला. तो खर्च फार नाही. काचेवर लिहिलेली मोठी अक्षरे, लोंबणाऱ्या माळा आणि डॅशबोर्डवरची सजावट ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येता कामा नये.

दिवे लावून एकाने गाडीभोवती फिरावे आणि एकाने आत बसून पुढचे, मागचे, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे लावून दाखवावेत. झेंडा किंवा फलक एकाही दिव्यावर आणि नंबर प्लेटवर येऊ देऊ नका. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि डिपरवर असूनही उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुष्कळ गाड्यांत तो खाली करायचे छोटे चाक स्टिअरिंगजवळ असते. ते वापरा. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टरची पट्टी आहे का पाहा.

कॅरिअरवर सामान कमीत कमी ठेवा. खिचडीचे पातेले, सतरंज्या, पाण्याचे कॅन असे जड सामान वर गेले की वळणावर गाडी डोलते. जड वस्तू खाली, हलक्या वर.

धुक्यात कसे जावे

धुके म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच. त्यात अप्पर लावला की उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून उलट आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे नुसती पांढरी भिंत दिसते. म्हणून डिपरच ठेवावा. गाडीला फॉग लॅम्प असतील तर तेही लावावेत. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जाण्याची चाल पडली आहे, ती चुकीची. मागच्याला वाटते गाडी उभी आहे, आणि आपण वळणार की नाही तेही त्याला कळत नाही. डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा, पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका.

अंतराचा हिशेब सोपा आहे. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे २२ मीटर पळते. म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पाच-सहा गाड्यांइतके अंतर गेलेले असते. ब्रेक लागणे त्यानंतरचे. पुढची गाडी एखाद्या खांबाशी गेली की मोजायला लागा. आपण तिथे पोचेपर्यंत निदान तीन सेकंद जायला हवेत. धुक्यात सहा धरा. धुके फारच दाट झाले तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात आत जाऊन थांबा, रस्त्याच्या कडेला नव्हे.

पुणे-नगर रस्त्याची आणखी एक खूण लक्षात ठेवा. थंडीचा काळ म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्री-पहाटे रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवाही नसतो. ऊस बाहेर आलेला असतो आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तो शेतकरी, तो ऊसतोड मजूर आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याच्या जिवाची काळजी आपल्या वेगावर आहे.

ड्रायव्हर हाही गाडीचाच भाग

गाडीचे सगळे झाले, आणि चालवणारा झोपेला आला असेल तर सगळे फुकट. आपल्या भागातली बरीच माणसे वसई-नालासोपाऱ्याच्या गाळ्यांत, कारखान्यांत, रिक्षावर, मुंबईच्या नोकऱ्यांत दिवस घालवतात. दुसरी पाळी करून रात्री अकराला घरी यायचे आणि बाराला गाडी काढायची, असा बेत दरवर्षी आखला जातो. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ शरीराने झोपेसाठी ठेवलेली असते. मोठ्याने गाणी लावून, काच उघडून किंवा तंबाखू खाऊन झोप जात नाही; फक्त ती गेली असे वाटते. झोपेवर एकच औषध आहे, झोप. डोळे जड झाले तर सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे डुलकी घ्या, मग चहा. दर दोन तासांनी सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करावेत.

त्याहून चांगला उपाय म्हणजे रात्रीचा प्रवासच टाळणे. ३१ तारखेला सकाळी जेवणाचे डबे बांधून निघालात तर घाट उजेडात पार होतो आणि संध्याकाळच्या आत मुक्कामी पोचता येते. पुण्यात, पिंपरीत नातेवाईक नसलेले घर विरळा. ३१ च्या रात्री रस्त्यावर दारू पिऊन गाडी हाकणारेही कमी नसतात. त्या रात्री घाटात नसणे हेच बरे. आपल्या घरात पंचशील घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण पाचवे शील मोडून कुणी स्टिअरिंगला हात लावत असेल, तर तो वडीलधारा असला तरी चावी काढून घ्यायचा हक्क गाडीतल्या प्रत्येकाला आहे.

माता-भगिनींना एक विनंती. गाडीत शेवटचा शब्द बहुधा तुमचा असतो. ‘अरे, चल पटकन, मानवंदना चुकेल’ असे ड्रायव्हरला म्हणू नका. ‘सावकाश चल, आम्हाला घाई नाही’ एवढे म्हणा. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने जागे राहावे, गप्पा माराव्यात, त्याचा फोन आपल्याकडे ठेवावा.

पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधायचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी महागडी होती, भक्कम होती. मागे बसलेले दोघे दगावले. त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी थांबली तरी माणूस त्याच वेगाने पुढे जात असतो, मग तो श्रीमंत असो की गरीब. मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. धक्का बसला की हातांची पकड टिकत नाही. देशात एकट्या २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे कष्टकरी किती असतील, याचा विचार करावा.

दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणांना तर एक्स्प्रेसवेवर मनाईच आहे. जुन्या रस्त्याने जावे लागते. गारठ्यात बोटे आखडतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हातमोजे, जाकीट आणि दोघांनाही हेल्मेट असल्याशिवाय निघू नये. खरे तर इतका लांबचा पल्ला थंडीच्या रात्री दुचाकीवर करूच नये.

मुक्कामाच्या जागी मोठा धोका

हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा. अलीकडच्या वर्षांत १ जानेवारीला नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. गाड्या ठरलेल्या वाहनतळांवर लावून तिथून पी.एम.पी.च्या बसने स्तंभाकडे जावे लागते. वाहनतळ आणि रस्ते कोणते ते पोलीस आधी जाहीर करतात. निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात पाहून घ्या. त्या माळावर रात्र काढायची वेळ आली की माणसे गाडीतच झोपतात. थंडी वाजते म्हणून काचा बंद करून इंजिन आणि हीटर चालू ठेवतात.

हे कधीही करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर गंजून भोक पडलेला असेल, किंवा शेजारी लागून उभ्या गाडीचा धूर आत येत असेल, तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते आणि माणूस झोपेतच जातो. बंद गाडीत किंवा ताडपत्री लावलेल्या टेम्पोत कोळशाची शेगडी पेटवली तरी हेच होते. आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या बंद खोलीतही हेच. थंडीचा खरा उपाय म्हणजे घोंगडी, स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि एकमेकांची ऊब. इंजिन बंद, काच थोडी उघडी. कुणाला डोके दुखून मळमळ झाली तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

परतीचा घाट

जाताना उत्साह असतो, येताना थकवा. आणि येताना घाट उताराचा असतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा जुना हिशेब विसरून जा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक तापून निकामी होतात. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका.

गाडी बंद पडलीच तर तिला डाव्या कडेला पूर्ण बाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावा. ते यासाठीच आहेत. लाल त्रिकोण निदान पन्नास पावले मागे ठेवा. सगळी माणसे गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभी करा, गाडीच्या मागे तर मुळीच नको. उभ्या गाडीवर मागून ट्रक आदळल्याने पुष्कळ जीव जातात. मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि रस्त्यात दुसऱ्या कुणाची गाडी पडलेली दिसली तर थांबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. पोलीस तुम्हाला नाव सांगण्याचीही सक्ती करू शकत नाहीत. पाणी द्यायला नकार मिळालेल्या समाजाने रस्त्यावरच्या तहानलेल्याला ओळखायलाच हवे.

खालची यादी कापून गाडीच्या कप्प्यात ठेवा. वाचता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दर वेळी निघताना ती मोठ्याने वाचायला लावा. मुलांना असे काम आवडते आणि ती विसरत नाहीत.

टायर, स्टेपनी आणि हवा पाहिली का?
ब्रेक, हँडब्रेक, ब्रेक ऑइल?
बॅटरी, कूलंट, इंजिन ऑइल?
सगळे दिवे, वायपर, काच?
जॅक, पाना, लाल त्रिकोण, टॉर्च, औषधाची पेटी?
घोंगड्या, पिण्याचे पाणी?
कागदपत्रे?
आर.सी.वर जेवढी आसने, तेवढीच माणसे? सगळ्यांचे पट्टे?
ड्रायव्हर सात तास झोपला का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर गाडीची चावी खुंटीला लावा आणि त्याला झोपू द्या. स्तंभ आपल्यासाठी थांबलेला आहे; दोन तास उशिरा गेलात तरी तो तिथेच असेल. आपण मात्र सगळे असायला हवे.